सॅक्रिस्टीच्या किल्ल्या हातात आल्या आहेत, जाणकारांनी मार्गदर्शन करावं

वसईची_लेक

नमस्कार मंडळी,

आमच्या धर्मग्रामातले, म्हणजे आमच्या चर्चचे, सॅक्रिस्टन काका वयोमानामुळे थांबले आणि त्यांच्या जागी फादरांनी मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. लहानपणापासून वेदीवरची फुलं आणि मेणबत्त्या हे माझ्या आवडीचं काम. पण किल्ल्या हातात आल्यावर लक्षात आलं की फुलं मांडणं वेगळं आणि सॅक्रिस्टी सांभाळणं वेगळं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सॅक्रिस्टी म्हणजे वेदीच्या मागची किंवा बाजूची खोली. फादर तिथे मिस्साचे (वेदीवरच्या मुख्य उपासनेचे) कपडे घालतात, आणि मिस्सासाठी लागणारी भांडी, वस्त्रं, ग्रंथ, द्राक्षरस, ओस्ती (गव्हाच्या पातळ चकत्या) सगळं तिथेच असतं. हे सगळं सांभाळणारा तो सॅक्रिस्टन.

काकांचं सगळं डोक्यात होतं, लिहिलेलं काहीच नाही. त्यांना आता फार बोलवत नाही, म्हणून त्यांना त्रास द्यायला जीव होत नाही. कपाट उघडलं तर तीन गोष्टींनी घाबरले. एक, चांदीचा जुना कॅलिस, म्हणजे मिस्सातला द्राक्षरसाचा पेला, आतून सोन्याचं पाणी दिलेला, पण बाहेरून आणि बुडाशी काळाकुट्ट. दोन, जरीचा जुना कोप, म्हणजे मिरवणुकीत आणि आशीर्वादाच्या वेळी फादर खांद्यावरून घेतात तो मोठा झगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला, त्यावर पांढरी बुरशी आणि कुबट वास. तीन, एक खण भरून पिवळी पडलेली छोटी छोटी कापडं, काहींवर द्राक्षरसाचे डाग.

आई म्हणते कॅलिसला पितांबरी लाव, चकाचक होईल. चर्चच्या कौन्सिलमधले एकजण म्हणाले, जुनं ते विकून टाका, त्या पैशात नवे धुता येणारे सेट येतील. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. पाऊस आत्ताच थांबलाय, पुढे आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि नाताळ. सुरुवात कुठून करू? मी शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळची मिस्सा झाली की पळावं लागतं. आणि एका आजींनी विचारलंच, "बाईमाणसानं कॅलिसला हात लावलेला चालतो का गं?" त्याचंही उत्तर द्या.

---

केळीबाग

पोरी, आधी तुझं अभिनंदन. मी वसईचाच. या कामात केस पांढरे झाले, आणि आता नव्या मुलांना शिकवतो.

आजींना सांग, चालतो. पूर्वी नियम कडक होते. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, तर वेदीवरची कापडं पहिल्यांदा धुण्याचं कामसुद्धा वरच्या पदाच्या धर्मसेवकानंच करायचं, असं लिहिलेलं होतं. आजींनी तो काळ पाहिलेला असणार, म्हणून त्या विचारतात. त्यांचा प्रश्न आदरातून आलाय, त्यांच्याशी वाद घालू नकोस. एक दिवस त्यांनाच कापडं इस्त्री करायला बोलाव.

आता सुरुवात कुठून. तू घाबरलीस कॅलिसला आणि कोपला, आणि खणातल्या कापडांना तिसरा नंबर दिलास. मी उलटा क्रम सांगतो. सॅक्रिस्टीत एकच मोजमाप लावायचं: ख्रिस्ताच्या शरीराशी आणि रक्ताशी, म्हणजे मिस्सातल्या ओस्तीशी आणि द्राक्षरसाशी, ज्या वस्तूचा जितका जवळचा संबंध, तितकी तिची काळजी आधी. जरीचा कोप कितीही भारी असो, तो फादरांच्या पाठीवर असतो. ते पिवळं कापड ओस्तीच्या खाली असतं. म्हणून आधी खण.

त्या खणात बहुधा दोन प्रकार सापडतील. चौकोनी, मोठ्या रुमालाएवढा असतो तो कॉर्पोरल. तो वेदीवर पसरतात आणि त्यावर कॅलिस आणि ओस्तीची थाळी ठेवतात. लांबट, मध्ये लहानसा क्रूस भरलेला असतो तो प्युरिफिकेटर, त्यानं कॅलिस पुसतात. दोन्हींवर ओस्तीचा बारीक कण किंवा ख्रिस्तरक्ताचा थेंब असू शकतो. त्यामुळे घरच्या कपड्यांत टाकून मशीनला लावायचे नाहीत. एक वेगळं तसराळं ठेव, त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. त्यात स्वच्छ साध्या पाण्यात कापडं बुडवून ठेव, साबण नाही. मग ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओत. जुन्या सॅक्रिस्टीत भिंतीशी एक छोटं कुंड असतं, त्याचं पाणी गटारात न जाता थेट जमिनीत मुरतं, ते सॅक्रेरियम. तुमच्याकडे नसेल किंवा कुणी सिमेंटनं बुजवलं असेल तर चर्चच्या आवारात जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा झाडाच्या बुंध्याशी ओत. एवढं झालं की पुढचं धुणं नेहमीसारखं, सौम्य साबणानं. डाग असेल तर तो जाईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही. गरम इस्त्रीनं द्राक्षरसाचा डाग कापडात कायमचा बसतो.

कॉर्पोरलची घडी नीट शिकून घे, कारण ती शोभेसाठी नसते. कापड उलगडून समोर ठेव. खालचा तिसरा भाग वर घे, वरचा तिसरा भाग त्यावर खाली आण. मग उजवा तिसरा भाग आत, डावा त्यावर. उघडल्यावर नऊ चौकोन दिसले पाहिजेत आणि सगळ्या कडा आत वळलेल्या हव्यात. मिस्सा संपल्यावर याच घडीत तो मिटला जातो आणि जे काही कण असतील ते आतच राहतात. कॉर्पोरल कधी झटकायचा नाही, आणि वेदीवर पसरताना चादरीसारखा हवेत उडवायचा नाही. एक एक घडी उघडायची. वेदीसेवक मुलांना हे एकदा हातानं करून दाखव, मग ती कायम लक्षात ठेवतात. प्युरिफिकेटरच्या उभ्या तीन घड्या, बस्स.

आता कॅलिस. आईला सांग, पितांबरी देव्हाऱ्यातल्या पितळेला ठीक, वेदीवरच्या पितळी मेणबत्तीदाणीलाही ठीक, पण सोन्याचं पाणी दिलेल्या भांड्याला नको. कुठलीही पावडर म्हणजे घासणं, आणि सोन्याचा थर इतका पातळ असतो की थोड्याच वर्षांत आतली चांदी दिसू लागते. कॅलिसचा आतला भाग सोनेरी ठेवायचा तो दिखाव्यासाठी नाही. गंजणाऱ्या किंवा सोन्याहून हलक्या धातूचा कॅलिस असेल तर आतून मुलामा हवा, असा चर्चचा नियमच आहे. २००४ च्या रोमच्या सूचनेत काचेची, मातीची, सहज फुटणारी भांडीही नकोत असं स्पष्ट म्हटलंय.

तर कोमट पाणी, एक-दोन थेंब सौम्य साबण, जुन्या मलमलीचा बोळा, आणि लगेच कोरडं करायचं. पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. त्याआधी कॅलिस उलटा करून बुडाखाली बघ. बरेच जुने कॅलिस स्क्रूनं जोडलेले असतात: वाटी, मधली गाठ, खालचा पाया. स्क्रू सैल झाला असेल तर ते आधी दुरुस्त करून घे. वेदीवर डुलणारा कॅलिस काळ्या कॅलिसपेक्षा वाईट. बुडाखाली कोरलेली अक्षरं असतील तर त्यांचा फोटो काढ आणि तिथे बोटसुद्धा जोरात फिरवू नकोस, जास्त पुसण्यानं नावं जातात. मग बाहेरचा काळेपणा किती उरतो ते बघू. ती चांदीवरची गंधकाची पुटी आहे, आपल्याकडच्या दमट हवेत ती धरणारच. मोठा सण सोडून तिच्या मागे लागायचं नाही. आणि कॅलिस गुंडाळताना रबर बँड कधीही लावू नकोस. रबरातल्या गंधकानं चांदीवर काळी रेघ उमटते, ती निघता निघत नाही. मलमलीची पिशवी शिव, नाडी लाव.

रोजचं काम थोडक्यात सांगतो. आदल्या संध्याकाळी लिटर्जीचं (उपासनेचं) कॅलेंडर बघायचं: उद्या कुठला रंग, कुणाचा सण, कुठली वाचनं. मिस्साच्या ग्रंथाच्या फिती त्या त्या पानावर लावून ठेवायच्या. रंग तुला माहीत असतील. हिरवा सामान्य काळात, जांभळा आगमन आणि (ईस्टरआधीच्या) उपवासकाळात, पांढरा नाताळ-ईस्टरला, लाल पवित्र आत्म्याच्या आणि हुतात्म्यांच्या दिवशी. गुलाबी वर्षातून दोनदाच: आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि उपवासकाळाचा चौथा. वसईत फेब्रुवारीत गोन्सालो गार्सियांच्या सणाला लाल सेट अगदी चोख निघाला पाहिजे. आपल्या मातीतला माणूस, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. त्या दिवशी सुरकुतलेला झगा वेदीवर गेला तर मला स्वतःला लाज वाटते.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रानं फिरतात; यंदाचं वर्ष अ, ब की क यात नवे लोक गोंधळतात. सोपं आहे. ज्या सनाला तीननं नि:शेष भाग जातो ते 'क'. फक्त एवढं ध्यानात ठेव की वर्ष १ जानेवारीला नाही, आदल्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं.

आता कपडे मांडायचे कसे, कारण हे कुणी सांगत नाही. फादर ज्या क्रमानं घालतात त्याच्या उलट क्रमानं टेबलावर मांडायचे. सगळ्यात खाली चॅझ्युबल, म्हणजे सगळ्यात वरून घालायचा रंगीत झगा, पुढची बाजू टेबलाकडे, मागची बाजू वर, खालचा काठ थोडा दुमडून, म्हणजे दोन्ही हात आत घालून तो थेट डोक्यावरून घेता येतो. त्यावर स्टोल, गळ्यातली लांब पट्टी. त्यावर कमरेची दोरी. मग पांढरा आल्ब, म्हणजे पायघोळ अंगरखा, आणि सगळ्यात वर अॅमिस, मानेभोवतीचं कापड, वापरत असतील तर. फादर हात घालतील तीच वस्तू आधी मिळाली पाहिजे. मिस्साआधीची ती पाच मिनिटं फादरांच्या प्रार्थनेची असतात. "दोरी कुठाय, माइकची बॅटरी कुठाय" यात ती गेली तर ते आपल्या कामातलं उणेपण.

आमच्या गरमीत फादरांचा घाम ही वस्त्रांची खरी शत्रू. स्टोलच्या मानेच्या भागाला आतून सुती पट्टी टाके घालून लाव, काढून धुता येईल अशी. रेशीम घामानं कुजतं, आणि ते मानेपासूनच कुजायला लागतं.

टॅबरनॅकलची, म्हणजे पवित्र ओस्ती ठेवायच्या पेटीची, किल्ली दारात लटकत ठेवायची नाही, फुलवाल्याकडे द्यायची नाही, "जरा धरा" म्हणून कुणाच्या हातात द्यायची नाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

कोपबद्दल माझ्यापेक्षा कापडातलं कळणारा माणूस बोलला तर बरं. तोवर एकच कर: प्लॅस्टिक आत्ता काढ.

---

सुती_रेशीम

केळीबाग काका, "प्लॅस्टिक आत्ता काढ" याला शंभर टक्के अनुमोदन. मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम केलं आहे, म्हणून कोपपुरतं लिहिते.

बुरशी आलेलं कापड बाकीच्या वस्त्रांपासून वेगळं कर, नाहीतर कपाटभर पसरेल. हाताळताना चांगला मास्क लाव, ही बुरशी फुप्फुसाला बरी नाही. जिथे हवा खेळते पण ऊन पडत नाही अशा खोलीत स्वच्छ धुतलेल्या सुती चादरीवर कोप आडवा पसर. पंखा थेट कापडावर नको, भिंतीकडे तोंड करून ठेव. "एक दिवस कडक ऊन दाखवू" असं घरातली मोठी माणसं म्हणतील. गादीला ऊन चालतं. जुन्या रेशमाला नाही, उन्हानं ते ठिसूळ होतं आणि रंग उडतो. पूर्ण कोरडा झाला की बुरशी पावडरीसारखी होते. मग मऊ कुंचल्यानं, एकाच दिशेनं, अलगद. व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडाला पातळ जाळी बांधून ते जवळ धर म्हणजे उडालेली पूड आत जाईल, पण ते कापडावर टेकवू नकोस. ओल्या फडक्यानं पुसणं, लिंबू, चिंच, व्हिनेगर काही नाही. ड्राय क्लीनिंगलाही देऊ नका. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेला धातू. तो काळवंडला असेल तर घासून परत येत नाही, उलट वरचं सोनं जाऊन खालचा धागा उघडा पडतो.

ठेवायचं कसं: कोप अर्धवर्तुळाकार आणि जड असतो. हँगरला टांगला की सगळं वजन खांद्यावर येऊन तिथेच फाटतो. मोठा खण असेल तर आडवा. नसेल तर जाड नळीला मलमल गुंडाळून त्यावर रोल करा, भरतकामाची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे सुरकुत्या अस्तराला पडतात, जरीला नाही. वरून मलमल, तीही आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन खळ काढलेली. डांबरगोळ्या जरीला चिकटून ठेवू नका. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कापडाला न लागता. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा. वसईच्या पावसात त्या भिंतीतूनच ओल येते.

विकण्याबद्दल: कृपया घाई करू नका. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत ते सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे हललं. मी तिथे अशाच कपाटांतून आलेल्या वस्तू पाहिल्या आहेत. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं, चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं मॉन्स्ट्रन्स (दर्शनासाठी ओस्ती ठेवायचं भांडं) आहे, तिथून माझा पाय निघेना. आपल्याकडच्या कारागिरांचे हात त्या सगळ्यात दिसतात. तुमच्या कोपची जर कुठल्या काळची हे एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याचा निर्णय करू नका.

---

कृष्णाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा सगळा वाचला. आम्ही वाईचे. मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि १७०७ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यानंतर ती आमच्याकडे आली. लहानपणी आम्ही ती बघायला जायचो. आज पहिल्यांदा वाटलं की तीही कुणीतरी रोज वेळेवर वाजवत असणार, तिचा दोर बदलत असणार. वसईकरांनी कधी या बाजूला आलात तर जरूर बघा.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे मूर्ती भंगली की तिचं विसर्जन करतात. तुमच्याकडे वस्त्रं जीर्ण झाली, भांडं फुटलं, तर काय करता? आणि मग ते विकता येतं का?

---

केळीबाग

कृष्णाकाठ, तुम्ही मनापासून विचारलंत, बरं वाटलं. ती घंटा मी पाहिली आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातही वसईची घंटा आहे, भीमाशंकरलाही. तीनशे वर्षांनी अजून वाजतात, म्हणजे तिकडेही कुणीतरी सांभाळतंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि त्यातच वसईच्या लेकीच्या कौन्सिलवाल्यांनाही उत्तर आहे.

आशीर्वाद झालेलं वस्त्र अगदीच वापरण्यापलीकडे गेलं तर ते जाळायचं आणि राख जमिनीत मिसळायची, किंवा पुरायचं. कचऱ्यात नाही, फरशी पुसायला नाही. भांडं दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करायचं, सोन्याचं पाणी पुन्हा द्यायचं. नसेलच होत तर धातू वितळवून चर्चच्याच कामाला लावायचा. भंगारवाल्याच्या काट्यावर कॅलिस चढवायचा नाही. मी असा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे, कुठला ते सांगत नाही, पण त्या दिवशी पोटात तुटलं.

आणखी एक. नाताळच्या नाटकात तीन राजांना घालायला जुने कोप आणि चॅझ्युबल मागायला मुलं येतील. चांगली मुलं असतात, हेतूही चांगला असतो. तरी नाही म्हणायचं. आशीर्वादित वस्तू दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असं कॅनन लॉचं ११७१ वं कलम सांगतं. त्यांना माझ्या बायकोच्या जुन्या बनारसी साड्या मी दिल्या, राजे जास्त चांगले दिसले.

आता विक्री. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये १२९२ वं कलम आहे. नवसानं दिलेली वस्तू, किंवा कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीनं मोलाची वस्तू विकायची असेल तर थेट रोमची परवानगी लागते. पॅरिश कौन्सिलच्या सभेत हात वर करून ते होत नाही, एकट्या फादरांनाही ते करता येत नाही. त्यामुळे पोरी, सभेत तुला भांडायची गरजच नाही. नम्रपणे एवढंच विचार: "ही वस्तू नवसाची आहे का, जुनी आहे का, हे आपण लिहून काढलंय का?" लिहिलेलं नसणार. मग १२८३ वं कलम वाचून दाखव. चर्चच्या मालमत्तेची नीट यादी करायची आणि तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवायची, असं त्यात आहे.

म्हणून तुझं या वर्षाचं सगळ्यात मोठं काम नोंदवही. लांब पुठ्ठ्याची वही घे. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, लांबी-रुंदी, कशाची आहे, कुठे ठेवली आहे, अवस्था काय, आणि कुणी दिली. शेवटचा रकाना भरायला लोकांच्या घरी जावं लागेल. जा. आपल्याकडे माणसं लग्नाला, बाळंतपणातून सुटका झाली म्हणून, परदेशातून मुलगा सुखरूप आला म्हणून वस्तू देतात आणि नाव लिहीत नाहीत. त्या आजींना विचार, कोप कुठून आला. थांबलेल्या काकांना तू त्रास द्यायला नको म्हणतेस, मला ते पटत नाही. फार बोलवत नसेल तर एकेक वस्तूचा फोटो दाखव आणि मान हलवू दे. ज्या माणसानं आयुष्य त्या खोलीत काढलं, त्याला कुणी विचारायला आलं नाही याचाच जास्त त्रास होत असेल.

---

वसईची_लेक

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. प्रिंट काढून सॅक्रिस्टीच्या कपाटाला आतून लावलंय.

प्लॅस्टिक काढलं. कोप सभागृहाच्या वरच्या खोलीत पसरलाय, दार बंद, किल्ली माझ्याकडे. कॅलिस उलटा करून बघितला: बुडाखाली पोर्तुगीजसारख्या अक्षरांत दोन ओळी आहेत, पुसट. फोटो काढून फादरांना दिला, ते बिशप हाउसला विचारणार आहेत. विकण्याचा विषय फादरांनीच पुढच्या सभेतून काढून टाकला. आणि हो, सॅक्रेरियम सापडलं! मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे होतं, वर लाकडी झाकण होतं. मी त्यात पाणी ओतून बघितलं, अजून मुरतंय.

काकांकडे काल गेले. फोटो दाखवले. कोपचा फोटो आला तेव्हा त्यांनी बोटानं स्वतःच्या आईच्या तसबिरीकडे दाखवलं. त्यांच्या सुनेनं मग सांगितलं, काकांच्या आईनं लग्नातला जरीचा शालू दिला होता, त्याची जर कोपच्या काठाला लावली आहे. वहीत लिहिलं.

आता तीन प्रश्न. कॉर्पोरलला खळ करायची की नाही? सुती_रेशीमताई म्हणतात मलमलीची खळ काढा. आमच्याकडे एकाला गव्हाचं चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय, तांदळाची ओस्ती आणू का? आणि राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळाला लावायची राख आधीपासून करून ठेवतात का?

---

सुती_रेशीम

शालूची जर! म्हणजे कोपचं वय ठरवताना काठ वेगळा धरावा लागेल. जाणकाराला हे आवर्जून सांग. खळीबद्दल: जे कापड महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणार त्याला खळ नको, कसर आणि झुरळं खळ खायला येतात आणि कापडही खातात. रोज वापरात असलेल्याचं काका सांगतील.

---

केळीबाग

ताई म्हणतात ते बरोबर. रोजच्या कॉर्पोरलला मात्र खळ हवी. खळीनं कापड घट्ट राहतं, घडी धरतं, आणि ओस्तीचा कण विणीत न अडकता वरच राहतो, नीट गोळा करता येतो. तांदळाची पेज पातळ करून फडक्यातून दोनदा गाळ, त्यात बुडवून, पिळून, सावलीत अर्धवट वाळव आणि ओलसर असतानाच इस्त्री कर. प्युरिफिकेटरला खळ नाही, त्याचं काम टिपण्याचं आहे. सणाचे चांगले कॉर्पोरल धुऊन बिनखळीचे ठेव, सणाच्या आदल्या दिवशी कर.

तांदळाची ओस्ती आणू नकोस. ओस्ती गव्हाचीच लागते, नाहीतर तो संस्कारच होत नाही. ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) अगदी कमी असलेली गव्हाची ओस्ती मिळते, ती चालते. तीही झेपत नसेल तर फक्त कॅलिसमधून ख्रिस्तरक्त घेता येतं. फादरांशी बोलून त्यांच्यासाठी वेगळं छोटं भांडं ठेव, त्यावर खूण कर, आणि नेहमीच्या ओस्ती हाताळलेल्या हातानं त्यात घालू नकोस. आधी हात धू, मग ते भर. ओस्तीचा डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. पावसाळ्यात त्या नरम पडतात, म्हणून थोड्या थोड्या मागव. द्राक्षरसाची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, नाहीतर आंबते, आणि आंबलेला रस वेदीवर न्यायचा नाही. मिस्साआधी झाकण उघडून वास घ्यायचा.

राख गेल्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्यांची. जानेवारीपासून लोकांना घरातल्या सुकलेल्या झावळ्या आणायला सांग. पत्र्याच्या डब्यात, उघड्यावर जाळ, पूर्ण थंड होऊ दे, मग खलात कुटून मलमलीतून चाळ. कोरडीच ठेव. काही ठिकाणी त्यात पाणी घालून लगदा करतात, तसं करू नकोस. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो आणि लोकांच्या कपाळाला भाजतं. फादरांना अंगठ्यासाठी एक ओलं फडकं आणि लिंबाची फोड बाजूला ठेव, हात धुताना लागते.

नोंदवहीत कोपच्या पुढे काकांच्या आईचं नाव आणि शालू दोन्ही लिही, आणि पुढच्या वेळी काकांकडे जाशील तेव्हा घंटेच्या दोराचं विचारून घे. तो किती वर्षांनी बदलतात आणि वर चढायची शिडी कुठे आहे हे त्यांनाच माहीत असणार, आणि नाताळच्या मध्यरात्री तुला ते लागेल.